मोरीच्या पलीकडे

आमच्या सोसायटीच्या खताच्या पिंपात कोलंबीची सालं कुणी टाकली, हे आजतागायत कळलेलं नाही. संशयित पुष्कळ आहेत. गटारीच्या आधीचा रविवार होता. श्रावण लागायच्या आत सगळ्या वाशीनं ताव मारून घेतला होता आणि आमची इमारत काही अपवाद नव्हती. सोमवारी सकाळी सहा वाजता तळमजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर एकच शब्द टाकला : ‘वास.’ पुढे पूर्णविराम. एरवी त्या वेळेला काका सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार पाठवतात, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं.

खताचं खातं माझ्याकडे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा जिथं वास, अळी किंवा बुरशी असेल तिथं बाईंना पुढं करायचं, हे आमच्याकडे सर्वानुमते ठरलेलं आहे. हातमोजे चढवून, नाकाला रुमाल बांधून खाली गेले. झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं आले. वर आदल्या दिवशीचा भात, त्याखाली कलिंगडाची फोड तशीच्या तशी, त्याच्याखाली ती सालं, आणि हे सगळं पावसानं ओलं होऊन एकमेकांना घट्ट चिकटलेलं. झाकण नीट लागलेलं नव्हतं म्हणून पाणी आत गेलं होतं. कोलंबी हा नुसता गुन्हेगारांतला सर्वांत बोलका.

ओला कचरा कुजतो, पण कसा कुजतो ते हवेवर ठरतं. आत हवा खेळत असेल तर एका जातीचे जिवाणू काम करतात, भराभर, आणि त्यांच्या कामाला वास नसतो म्हटलं तरी चालेल. हवा कोंडली की ते मरतात आणि दुसऱ्या जातीचे येतात. त्यांचं काम संथ आणि त्याला सडक्या अंड्याचा वास. वर्गात हे मी फळ्यावर दोन रकाने आखून शिकवायचे. मुलं वहीत उतरवून घेत, परीक्षेत दोन गुणांना येई. त्या सोमवारी दुसरा रकाना पिंपात प्रत्यक्ष बसलेला होता.

सगळं उपसून ताडपत्रीवर पसरलं. वॉचमननं लाकडाचा भुसा आणला, माळीदादांनी वाळका पाला. दोन भाग कचरा, एक भाग कोरडं, असं थर लावत पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी काठी घालून उकरलं तर वाफ निघाली. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर ‘चुकून’ माझ्या पर्समध्ये आला आहे, तो खुपसला : ५८ अंश. चहाच्या कपात बोट बुडवावं इतकं ते गरम. काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाले, “मग काल कुठं गेला होता हा?”

हे पिंप आमच्या गळ्यात पडलं त्याचीही एक सभा झाली होती. २०१६ साली केंद्र सरकारचे घनकचऱ्याचे नियम आले. दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं त्यात म्हटलं होतं. आमच्याकडे अडीचशेच्या वर बिऱ्हाडं. महापालिकेची माणसं येऊन सांगून गेली, मग पत्र आलं, मग आणखी एक पत्र आलं, आणि दुसऱ्या पत्रात दंडाचा आकडा होता, तेव्हा सभेला कोरम भरला. एक गृहस्थ तावातावानं उठले : “टॅक्स भरतो ना आपण? मग कचरा आपल्याच दारात का कुजवायचा?” टाळ्या पडल्या. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. मला नेहमी जिन्यात सुचतं.

जिन्यात आठवलं ते असं. नोकरीच्या सुरुवातीला माझी शाळा कोपरखैरण्याला होती आणि शहराचं डम्पिंग ग्राउंड तेव्हा तिथंच होतं. वारा फिरला की आम्ही वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचो. एप्रिलमध्ये, पंखे बंद पडलेले असले तरीही. वार्षिक परीक्षेच्या पेपरावर माशी बसली म्हणून एका मुलानं उत्तरपत्रिका बदलून मागितली होती. वाशीतल्या लोकांना, म्हणजे मलाही, घरी गेल्यावर त्या वासाची आठवण होत नसे. घंटागाडी येऊन गेली की आपल्या घरापुरता कचरा संपायचा. तो माझ्या विद्यार्थ्यांच्या दारात जायचा, इतकंच.

आता तिथं निसर्ग उद्यान आहे. डम्पिंग बंद झालं, त्या ढिगाऱ्याला उतार दिला, पाणी आत मुरू नये म्हणून वर अभेद्य थर आणि मग माती घातली आणि बाग केली. मियावाकी पद्धतीची दाट झाडीही तिथं लावली आहे. रविवारी लोक मुलांना घेऊन येतात, एका कोपऱ्यात योगवाले असतात, दुसऱ्या कोपऱ्यात एकमेकांचे फोटो काढणारी जोडपी. मी जाते तेव्हा मात्र पायाखालचा विचार सुटत नाही. कचऱ्याचा असा ढीग बंद केला तरी आतलं काम वर्षानुवर्षं चालू राहतं. मिथेन तयार होत राहतो, त्याला बाहेर पडायला वाट द्यावी लागते; झिरपणारं काळं पाणी वेगळं गोळा करावं लागतं; जमीन इकडेतिकडे खचते. माझ्या पहिल्या बिऱ्हाडातल्या मोरीतले शाम्पूचे सॅशे त्या हिरवळीखाली अजून शाबूत असतील. त्यांना काही होत नाही.

महापालिकांनी शहर ‘हरित’ करायच्या गोष्टी निघाल्या की आपल्याला झाडं आठवतात. वृक्षारोपण, त्याचा फोटो, फोटोत रोपापेक्षा हात जास्त. २०२० पासून राज्याचं ‘माझी वसुंधरा’ अभियान आलं, पंचमहाभूतांच्या नावानं पाच विभाग. आम्हीही गच्चीत उभं राहून शपथ घेतली. शपथ चांगली होती. पण मला विचाराल तर या शहरातलं सगळ्यात मोठं पर्यावरणाचं काम चार भिंतींच्या आत, कुणी फिरायला जात नाही अशा जागी चालतं. मी ते एकदा पाहिलंय. आठवीच्या वर्गाला घेऊन वाशीच्या मलप्रक्रिया केंद्रात गेले होते.

मुख्याध्यापकांनी आधी सहलीच्या अर्जावर ठिकाणाचं नाव वाचून मान वर केली. “बाई, मुलांना किल्ला दाखवा ना.” पालकांच्या चिठ्ठ्या यायला दोन आठवडे लागले. बसमध्ये बसल्याबसल्या मुलांनी नाकाला रुमाल लावले. अजून गाडी शाळेच्या फाटकातून बाहेरही पडली नव्हती.

पहिला थांबा जाळीपाशी. त्या भागातल्या मोऱ्या, संडास, बेसिनं यांचं पाणी तिथं येतं आणि जे पाण्याबरोबर यायला नको होतं ते जाळीत अडकतं. गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, केसांचे गुंतवळ, एक बाहुली, दोन चमचे. एका मुलीनं विचारलं, “सर, यातलं आमच्या घरचं पाणी कुठलं?” इंजिनिअर हसले नाहीत, हे मला त्यांचं फार आवडलं. ते म्हणाले, “तू कुठं राहतेस? सकाळी किती वाजता आंघोळ करतेस?” आणि पाइपातून यायला साधारण किती वेळ लागत असेल त्याचा त्यांनी तिच्याबरोबर हिशेब मांडला. हिशेबाप्रमाणे तिची आंघोळ नुकतीच येऊन गेली होती. ती लाजली.

मग मोठ्या टाक्या. नवी मुंबईची बहुतेक केंद्रं सी-टेक नावाच्या पद्धतीनं चालतात. एकाच टाकीत सगळं होतं. तीन तासांचं एक आवर्तन. पहिला दीड तास पाणी आत येत असतं आणि तळातून हवा सोडत असतात, सगळी टाकी उकळी फुटल्यासारखी खदखदते, रंग चॉकलेटी. तो रंग जिवाणूंचा. ते मैला खातात, श्वास घ्यायला त्यांना ती हवा लागते. मग हवा बंद. पाऊण तास टाकी नुसती उभी राहते. मुलं कठड्यावर ओणवी होऊन बघत होती आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वरण निवळावं तसं ते पाणी निवळलं. जड ते खाली, वर स्वच्छ. मग एक लांबलचक पन्हाळी हळूहळू खाली उतरते आणि फक्त वरचं पाणी काढून घेते, खालच्याला धक्का न लावता. घरी आपण पुरणाच्या डाळीचं पाणी कटासाठी काढतो, अगदी तोच हात. या एका केंद्राची क्षमता दिवसाला १०० दशलक्ष लिटर आहे.

तेवढ्यात एका पोरानं रुमाल काढला. “बाई, वास येतच नाहीये.” खरंच येत नव्हता. म्हणजे येत होता, पण पहिल्या पावसात माती भिजते तसला. मी कोलंबीच्या पिंपाच्या कितीतरी आधी ते तिथं नाकानं शिकले होते : हवा मिळाली की वास जातो. मातीचा वास हा नीट चाललेल्या कुजण्याचा वास आहे, हे तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला त्या कठड्यावर उभं राहून कळलं.

शेवटी दोन काचेची भांडी. एकात आलेलं पाणी, एकात जाणारं. सांडपाण्यातली घाण मोजायला बीओडी हे माप वापरतात. ती घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, तो आकडा. येताना तो दोनशेच्या घरात असतो, जाताना दहाच्या आत आणायचा असतो. जाणाऱ्या पाण्याचं भांडं इंजिनिअरनी उजेडात धरलं. एक मुलगा म्हणाला, “प्यायचं का?” “नको,” ते म्हणाले, “पण झाडं पितात, कारखाने पितात.” कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांत आता याच पाण्यावर आणखी एक, तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते एमआयडीसीतल्या कारखान्यांना द्यायची सोय केली आहे. जिथं यंत्रं थंड करायला पाणी लागतं तिथं मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी का ओतायचं? मोरबे महापालिकेनं विकत घेतलेलं धरण आहे, खालापूर तालुक्यात. दर पावसाळ्यात त्याची पातळी ८८ मीटरला लागते का याकडे अख्खं शहर क्रिकेटच्या स्कोअरसारखं डोळे लावून असतं. त्या पाण्याचा एक थेंब दुसऱ्यांदा वापरला गेला तर धरण तेवढं मोठं झालं, असा माझा साधा हिशेब आहे.

वापरात न येणारं पाणी खाडीत जातं. आणि खाडीत रोहित असतात.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो, काही जण त्याला अग्निपंखही म्हणतात. आता शहराचं बोधचिन्हच झालंय ते. उड्डाणपुलाखालच्या खांबांवर, चौकात, कुंपणांवर, सगळीकडे गुलाबी पक्षी रंगवलेले. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली नवी मुंबई देशात तिसरी आली, २०२३ च्या सर्वेक्षणातही तिसरी, आणि ‘निश्चय केला, नंबर पहिला’ हे वाक्य आमच्याकडच्या लहान मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. भिंती रंगवण्याला माझा विरोध नाही. पूर्वी त्याच भिंतींवर काय असायचं ते आठवलं तर चित्रकारांना हात जोडावेसे वाटतात. फक्त कधी कधी मनात येतं, त्या रंगातले दोन डबे वाचवून मलप्रक्रिया केंद्राच्या फाटकावर ‘आत या, बघा’ एवढंच लिहिलं तर?

कारण गंमत अशी आहे की रोहित आणि मोरी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. कच्छकडून हे पक्षी हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत येतात, पावसाच्या तोंडावर जातात. काही वर्षी त्यांची मोजणी लाखाच्या पुढं गेली आहे. २०१५ साली खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. पण ते इथं यायला लागले, फार फार तर गेल्या तीसेक वर्षांत. पूर्वी नव्हते. छोटा रोहित चोच उलटी करून चिखलावरचं नीलहरित शेवाळ गाळून खातो. ते शेवाळ इतकं का वाढलं, तर खाडीच्या दोन्ही काठांच्या शहरांतून येणारं सांडपाणी, त्यातलं नत्र आणि स्फुरद, हे एक मोठं कारण अभ्यासक सांगतात. शेवाळातल्या रंगद्रव्यानं पक्षी गुलाबी होतो; त्याची पिल्लं राखाडी असतात. म्हणजे पाम बीच रोडवरून आपण ज्याचा फोटो काढतो त्या गुलाबी रंगात भांडुप, मुलुंड, ठाणे, कळवा आणि आमची वाशी, सगळ्यांच्या मोऱ्यांचा थोडा थोडा वाटा आहे.

हे वर्गात सांगितलं की मुलं ‘ईऽऽ’ करायची. मग एखादं शहाणं विचारायचं, “मग पाणी पूर्ण शुद्ध केलं तर ते येणार नाहीत?” या प्रश्नाला मी नेहमी घंटेचा आधार घेतला. बीओडी कमी झाला तरी नत्र-स्फुरद सगळं निघून जात नाही, हे एक उत्तर आहे. खाडीत नुसतं शेवाळ नाही, कारखान्यांची रसायनंही येतात आणि ती पक्ष्याच्या काहीच कामाची नाहीत, हे दुसरं. पण खरं सांगायचं तर घाण खाऊन सुंदर झालेल्या पाहुण्याचं काय करायचं, याची मला अजून नीट मांडणी करता आलेली नाही. मला खाडी स्वच्छ हवी आहे आणि जानेवारीत ती गुलाबीही हवी आहे.

आणि नुसतं अन्न असून भागत नाही. भरतीच्या वेळी खाडीचा चिखल बुडतो, तेव्हा पक्ष्यांना टेकायला काठावरच्या उथळ पाणथळ जागा लागतात. नेरूळचा डीपीएस तलाव त्यातला एक. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं आणि आसपास रोहित मरून पडलेले सापडले. भरतीचं पाणी तलावात यायची वाट बंद झाली होती, पाणी साचून राहिलं होतं. पक्षीप्रेमींनी आवाज उठवला, समिती बसली, आणि २०२५ मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळानं तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. चित्रातल्या रोहिताला भरती-ओहोटी लागत नाही. खऱ्याला दिवसातून दोनदा लागते.

भरती-ओहोटीचा धडा मला पुस्तकानं दिला नाही, जुहूगावातल्या आजींनी दिला. आमचं खत तयार झालं की त्या गोणी घेऊन येतात. गावातल्या घरामागं हातभर जागेत त्यांचं अळू, मिरच्या, एक शेवगा. कोलंबीचं प्रकरण मी त्यांना जरा ओशाळूनच सांगितलं, तर त्यांनी गोणीत हात घालून खत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, “बाय, मावरा परला तं चांगलाच की. आमी मिरच्यांना कुटा घालाचो.” कुटा म्हणजे सुक्या मासळीचा चुरा. अडीचशे बिऱ्हाडांनी ज्याच्यावर दोन दिवस भांडण केलं ते आजींच्या लेखी उत्तम खत होतं.

वाशी आज आहे तिथं आजींच्या सासऱ्यांचं खाजण होतं, भाताचं. खाऱ्या पाण्याच्या कडेला भातशेती करायची म्हणजे मातीचा बांध घालायचा आणि बांधात एक उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे लाकडी झाप, बाहेरच्या बाजूला उघडणारी. भरती चढली की समुद्राच्या रेट्यानं ती आपोआप लागते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला खाडी उतरली की शेतातल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्यानं ती आपोआप उघडते, साठलेलं गोडं पाणी निघून जातं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पेण-अलिबागकडच्या खारेपाटात अशा बांधांची राखण करणारे शिलोत्रीदार असत. आजी लहान असताना उघाडीच्या झापेत काही अडकलंय का ते बघायचं काम पोरांचं. बहुधा काटकी असे, कधी चिंबोरी. “भरतीला कोन थांबवनार?” आजी म्हणतात. “आपली उघारी साफ ठेवाची, बस.”

१९७० मध्ये नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. आजी त्याबद्दल फार बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. पण शहर वसवणाऱ्यांपुढं प्रश्न तोच होता जो सासऱ्यांपुढं होता. जमीन सखल, उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षाही खाली, आणि वरून कोकणातला पाऊस. त्यांनी धारण तलाव खोदले. नाल्यांचं पाणी आधी तलावात येतं. भरती असेल तोवर तिथं थांबतं, तलावाच्या तोंडाशी झडपा असतात, त्या खाडीच्या रेट्यानं बंद राहतात. ओहोटी लागली की उघडतात आणि तलाव रिकामा होतो. याला सगळे डच पद्धत म्हणतात. डचांचं कौतुक आहेच. पण मी आजींना वाशीच्या तलावाची झडप दाखवायला घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती एका नजरेत ओळखली. “लोखंडाची केली,” एवढंच म्हणाल्या.

आता त्या तलावांत गाळ भरला आहे. गाळावर तिवरं उगवली, वाढली, चांगली डोक्याच्या वर गेली. गाळ काढायचा तर तिवरं जातात. आणि तिवरं, कांदळवन, यांना हात लावायचा नाही हे मुंबई उच्च न्यायालयानं २००५ च्या आदेशात सांगितलं आणि २०१८ च्या निकालात आणखी स्पष्ट केलं. त्या निकालानं या किनाऱ्यावरची किती खाडी वाचली आहे ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. तेव्हा तलाव उपसायचा म्हटलं की परवानग्या, न्यायालय, वर्षं. तलाव उथळ होत जातो, मोठ्या पावसात मोठी भरती आली की सखल भागातल्या लोकांच्या दारात पाणी. आमच्या सोसायटीत यावर दोन तट आहेत. तळमजला गाळाच्या विरोधात, वरचे मजले तिवरांच्या बाजूनं. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि पावसाळ्यात काकांशी या विषयावर बोलणं टाळते.

गटारी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी तलावाकडे फिरायला गेले. अमावास्येची उधाणं होती. रात्रभर पाऊस पडून नुकता थांबला होता. ओहोटी संपून पाणी परत फिरलं होतं, खाडीकडून हळूहळू चढत होतं, चिखलातले निवटे टुणटुण उड्या मारत वर सरकत होते. झडपेपाशी गमबूट घातलेला एक माणूस पोटावर आडवा झाला होता. हातात बांबू, बांबूच्या टोकाला आकडा. झडप लागत नव्हती. एका कडेला फट राहिली होती आणि तिच्यातून खारं पाणी तलावात चढायला लागलं होतं.

“काय अडकलंय?” मी विचारलं.

“बघतो ना काकू. रोज वेगळं.”

दोनदा आकडा निसटला. तिसऱ्यांदा त्यानं काहीतरी ओढून काढलं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, दाबून चपटी झालेली, तिला निर्माल्याची पिशवी गुंडाळलेली, पिशवीत अजून झेंडू. पाण्यानं झडपेला ढकललं. ती धप्पकन लागली, फट बुजली, आणि दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांपासून वेगळं झालं. त्यानं बाटली काठावरच्या ढिगात टाकली. तिथं आधीच दहा-बारा होत्या. मग उठून गुडघ्यांवरचा चिखल झटकला, खाडीकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं.

“आता चार वाजेपर्यंत गप बसंल,” तो म्हणाला.

“आणि चारला?”

“चारला आपोआप उघडती.”